केप मे, हिवाळ्यात: दोन रात्रींचा बेत कसा आखायचा

न्यू जर्सीतली मराठी घरं राज्याच्या दक्षिण टोकावरच्या केप मे या किनारी गावी जातात ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, मुलांच्या सुट्टीत. पार्कवेवर तासन्‌तास, पार्किंगसाठी गल्ल्यांतून चकरा, वाळूवर छत्रीला छत्री लागलेली. त्या गर्दीत समुद्र तेवढा पदरात पडतो, गाव बघायचं राहून जातं. आणि केप मे मुळात बघायचं गाव आहे. अख्ख्या गावाला १९७६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. व्हिक्टोरियन काळातली शेकडो लाकडी घरं इथे अजून नांदती आहेत. ती बघायला जानेवारी-फेब्रुवारीसारखे दिवस नाहीत. झाडांची पानं झडलेली असतात. उन्हाळ्यात हिरव्या पडद्याआड दडणारे सज्जे, कंगोरे आणि छपरावरचे मनोरे रस्त्यावरून थेट नजरेत भरतात.

अडचण एकच. हिवाळ्यात हे गाव अर्धं मिटलेलं असतं. उन्हाळ्याच्या सवयीने निघालात तर बंद दारं, अंधार आणि अंगात शिरणारा वारा एवढंच घेऊन परत याल. म्हणून बेत उलट्या बाजूने आखायचा: आधी उघडं काय आहे ते, मग ऊब, मग उजेड, भरती आणि वारा. बघायच्या ठिकाणांची यादी सगळ्यात शेवटी.

दिवस कोणते धरायचे

थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतचा काळ ऑफ-सीझन धरू नका. नाताळची रोषणाई, सजवलेल्या घरांच्या फेऱ्या, ट्रॉली, सगळं जोरात असतं आणि शनिवार-रविवारच्या खोल्या आधीच भरतात. खरी सामसूम नववर्षाची सुट्टी संपली की सुरू होते आणि मार्चच्या मध्यापर्यंत टिकते. त्यातही जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत सुना. वर्षभर राबलेले हॉटेलवाले याच दिवसांत स्वतः सुट्टीवर जातात किंवा रंगकाम, डागडुजी काढतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारीतला शुक्रवार धरावा. शुक्रवारी दुपारी पोचायचं, दोन रात्री राहायचं, रविवारी दुपारी निघायचं. सोमवार ते गुरुवार खोली स्वस्त पडते, पण बरीच रेस्टॉरंटं शुक्रवार ते रविवारच चालतात आणि संग्रहालयांच्या वेळाही तशाच आखडलेल्या असतात. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डे येतो. त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार मात्र टाळा. तेवढ्यापुरती गर्दी आणि भाव दोन्ही वर जातात.

जायचं कसं

गार्डन स्टेट पार्कवेचे एक्झिट मैलांच्या दगडांवरून मोजलेले आहेत आणि केप मे शून्य नंबरवर आहे. त्यामुळे हिशोब सोपा: एडिसन-आयसेलिनकडून १३१ नंबरला पार्कवेवर चढलात तर पुढे १३१ मैल. हिवाळ्यात सवा दोन तास धरा. फिलाडेल्फियाकडून अटलांटिक सिटी एक्स्प्रेसवेने येऊन पार्कवे दक्षिणेला पकडायचा, साधारण दीड-पावणेदोन तास.

शेवटचे ३०-४० मैल रस्ता खाड्या आणि दलदलीतून जातो. पुलांवरचा बर्फ जमिनीवरच्या रस्त्याच्या आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. सकाळी आठच्या आत किंवा अंधार पडल्यावर पुलांवर वेग कमी ठेवा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. पार्कवे संपतो तिथे सिग्नल लागतात, मग कालव्यावरचा पूल, आणि थेट लफायेट स्ट्रीट. हा कालवा दुसऱ्या महायुद्धात खणला, जर्मन पाणबुड्यांच्या वाटेतून जहाजं आत वळवता यावीत म्हणून. तेव्हापासून केप मेला पूल ओलांडल्याशिवाय जाता येत नाही.

गाडीशिवायही जाता येतं. न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीहून एनजे ट्रान्झिटची ३१९ नंबरची बस आहे, अटलांटिक सिटीहून ५५२ नंबरची. पण हिवाळ्यात फेऱ्या विरळ. शिवाय दीपगृह आणि सनसेट बीच गावापासून दोन-अडीच मैलांवर आहेत आणि रस्त्यात हात दाखवून टॅक्सी मिळण्यासारखं हे गाव नाही. बसने जाणाऱ्यांनी खोली वॉशिंग्टन स्ट्रीटच्या आसपासच घ्यावी आणि दीपगृहाकडे चालत जायची तयारी ठेवावी.

गाडी असेल तर एक सुख असं की रस्त्यावरचे पार्किंगचे मीटर हिवाळ्याच्या सामसुमीत बहुधा बंद असतात. तरी गाडी लावाल तिथली पाटी वाचून घ्या.

खोली घेताना विचारायचे प्रश्न

उन्हाळ्यात भाड्याने मिळणारी बरीच घरं हिवाळ्यात मिळतच नाहीत. ती थंडीसाठी बांधलेली नाहीत. भिंतीत ऊब धरणारा थर नसतो, पाण्याचे पाइप उघडे असतात. पाइपात पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून मालक शरद ऋतूतच सगळं पाणी काढून घर बंद करतात. १८७६ सालचं शालफॉन्ट हॉटेलही असंच उन्हाळी आहे. हिवाळ्यात ते बाहेरूनच बघायचं. उघडी राहतात ती काही मोठी हॉटेलं, उदाहरणार्थ काँग्रेस हॉल, आणि जुन्या घरांतली मोजकी बी-अँड-बी (खोली आणि नाश्ता देणारी घरं). दर उन्हाळ्यापेक्षा बरेच खाली येतात, आणि ‘किमान तीन रात्री’ची अटही बहुधा नसते.

बुकिंग वेबसाइटवर न करता फोनवर करा, कारण विचारायचं बरंच असतं. खोली गरम कशाने होते, आणि तापमान खोलीतच कमी-जास्त करता येतं का? वाफेचे जुने रेडिएटर असले तर पहाटे ठोकल्यासारखे आवाज येतात. ते बिघाडाचे नव्हेत, पाइपात साचलेलं पाणी वाफेने ढकललं जातं त्याचे. झोप सावध असलेल्यांनी कानात घालायला बोळे न्यावेत. शेकोटी असेल तर पेटते की नुसती शोभेची, हे विचारा. जाहिरातीतल्या फोटोंत दोन्ही सारख्याच दिसतात. समुद्राकडची खोली जास्त पैसे देऊन घेण्यात हिवाळ्यात फारसा अर्थ नाही. जुन्या खिडक्यांच्या फटींतून वारा येतो आणि साडेपाचनंतर बाहेर काळोखच असतो. गल्लीतल्या बाजूची, मधल्या मजल्यावरची खोली उबदार राहते.

चहा-पोह्यांसाठी इलेक्ट्रिक किटली नेणार असाल तर चालेल का ते आधी विचारा. १५०० वॉटची किटली सुमारे १२.५ अँपिअर वीज ओढते आणि जुन्या घरातलं सर्किट बहुधा १५ अँपिअरचं असतं. त्याच सर्किटवर छोटा हीटर चालू असेल तर किटली लावताक्षणी खोलीत अंधार. आधी हीटर बंद करायचा, मग किटली लावायची.

उजेड, भरती, वारा

खोली ठरली की तीन गोष्टी कागदावर लिहून काढा, कारण दिवसाचा क्रम त्याच ठरवतात.

पहिली, सूर्य. डिसेंबरअखेर सूर्य साधारण सव्वासातला उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. जानेवारीअखेर मावळायला सव्वापाच होतात, फेब्रुवारीच्या मध्याला साडेपाच. म्हणजे बाहेर फिरायला जेमतेम दहा तास. पण केप मे हे द्वीपकल्पाचं टोक आहे, एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला डेलावेअरचा उपसागर. पूर्व किनाऱ्यावर असूनही सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही पाण्यावर दिसतात अशी ठिकाणं थोडी, आणि हिवाळ्यात सूर्योदयासाठी पहाटे पाचला उठावं लागत नाही. सकाळी सातला बीच अॅव्हेन्यूच्या पक्क्या फरसबंद प्रॉमनाडवर उभं राहायचं, संध्याकाळी सनसेट बीचवर.

दुसरी, भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. भरती-ओहोटीतला फरक सुमारे पाच फुटांचा. कोकणातली मंडळी तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो आडाखा इथे चालत नाही, कारण चंद्र माथ्यावर आल्यापासून भरती लागेपर्यंतचा काळ प्रत्येक बंदराचा निराळा असतो. ‘नोआ’ (NOAA) या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचं भरतीचं कोष्टक बघा, तेही ‘केप मे’च्या नावाचं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती), हे मात्र आपल्यासारखंच.

तिसरी गोष्ट वारा, आणि लोक चुकतात ते इथेच. तापमान बघून कपडे घेतात, वाऱ्याचा आकडा बघत नाहीत. पारा ३० फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १ सेल्सिअसवर असला आणि वारा ताशी २५ मैल असला, तर अंगाला ते १६ फॅरनहाइट, म्हणजे उणे ९ सेल्सिअसइतकं बोचतं. त्याहून कामाची बाब म्हणजे वाऱ्याची दिशा. थंडीची लाट येऊन गेली की वारा वायव्येकडून वाहतो. तेव्हा उपसागराकडचा सनसेट बीच उघडा पडतो आणि समुद्राकडच्या बीच अॅव्हेन्यूला गावातल्या घरांचा आडोसा मिळतो. ईशान्येचा वारा सुटला की बरोबर उलट. सकाळी आधी दिशा बघा आणि वारा घरांनी अडवलेला असेल त्या बाजूला चालायला जा.

नुसता जाड लोकरी स्वेटर इथे पुरत नाही, वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. अंगालगत थर्मल (सुती बनियन नको, घामाने भिजलं की गार पडतं), त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट, कमरेखालपर्यंत येणारं. डोक्याला कान झाकणारी टोपी. आपली माकडटोपी यासाठी अगदी योग्य आहे, खुशाल घाला. मफलर, हातमोजे आणि पाणी न शिरणारे बूट. चष्मा वापरणाऱ्यांनी ओलसर फडकं जवळ ठेवावं, काचेवर खाऱ्या तुषारांची पुटं चढतात.

घरं कशी बघायची

९ नोव्हेंबर १८७८ रोजी गावात मोठी आग लागली आणि सुमारे ३५ एकरांचा भाग राख झाला. जुनी प्रचंड लाकडी हॉटेलं गेली, त्या जागी बरीचशी लहान घरं आली, तीही तेव्हा चलनात असलेल्या नक्षीकामाची. आज जे एकसंध गाव दिसतं ते या आगीमुळे. पुढे १९६२ च्या मार्चमध्ये मोठं वादळ किनारा धुऊन गेलं. त्यानंतर जुनं पाडावं की सांभाळावं यावर बरीच ओढाताण झाली आणि गावाने सांभाळण्याची बाजू घेतली.

चालायचा मार्ग असा धरा. काँग्रेस हॉलपासून सुरुवात. मूळ इमारत १८१६ ची, आगीत गेली. आजची विटांची इमारत १८७९ ची. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८९१ च्या उन्हाळ्यात इथूनच कारभार पाहिला. तिथून जॅक्सन स्ट्रीटने आत वॉशिंग्टन स्ट्रीट मॉलवर या. हा १९७१ पासून फक्त पायी चालणाऱ्यांचा बाजार आहे. मॉल संपला की ओशन स्ट्रीट ओलांडून ह्यूज स्ट्रीट धरा आणि सावकाश फ्रँकलिन स्ट्रीटपर्यंत जा. परतताना कोलंबिया अॅव्हेन्यूने या आणि गर्नी स्ट्रीटवरून समुद्राकडे उतरा. तिथे एकसारख्या घरांची देखणी ओळ आहे. एकूण चाल दीड मैलाच्या आसपास, पण बघत गेलात तर दोन तास लागतात. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ उत्तम. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून २८ अंशांपलीकडे चढत नाही, जानेवारी-फेब्रुवारीतही तो खालूनच फिरतो. त्यामुळे ऊन तिरपं होऊन थेट व्हरांड्यात शिरतं आणि फिकट निळ्या रंगवलेल्या छतापर्यंत पोचतं. जूनमधला डोक्यावरचा सूर्य तिथे काळी सावली टाकतो.

एखाद्या घरासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि व्हरांड्याचा एकच खांब निवडा. खांब आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली नक्षीदार तिरपी पट्टी बघा. समोरून ती कोरीव वाटते, वेलबुट्टीसारखी. मग दोन पावलं बाजूला सरका आणि तिची कड बघा: सपाट फळी, जाडी जेमतेम इंच-दीड इंच, धारा सरळ कापलेल्या. आपल्या वाड्यांतल्या खांबांवर सुताराने पटाशीने खोदून उठाव दिलेला असतो. इथे वाफेवर चालणाऱ्या करवतीने फळीतून आकार आरपार कापला आहे. यंत्र आलं म्हणून ही नक्षी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि म्हणूनच ती गल्लोगल्ली दिसते. कठड्याच्या गोल कांड्या मात्र कातावर काढलेल्या. जुनं लाकूड आणि नवा बदललेला तुकडा ओळखायचा असेल तर आतले कोपरे बघा. कित्येक हात रंग बसून जुन्या नक्षीचे कोपरे बुजतात, गोलसर होतात. नव्या तुकड्याची धार चाकूसारखी. नजर बसली की प्रत्येक घरावर डागडुजी कुठे झाली ते वाचता येऊ लागतं.

बहुतेक घरांत माणसं राहतात. पायरी चढू नका, खिडकीतून डोकावू नका. रस्त्यावरून बघायला कुणाची हरकत नसते.

आतून बघायचं घर एकच निवडायचं झालं तर वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं एमलन फिझिक यांचं, १८७९ सालचं, १८ खोल्यांचं. आराखडा फ्रँक फर्नेस या वास्तुकाराचा मानला जातो. बाहेरच्या धुराड्यांकडे आवर्जून बघा: वर जाताना रुंद होणारी, जणू उलटी लावलेली. १९७० मध्ये हे घर पाडलं जाणार होतं, गावातल्या स्वयंसेवकांनी एकत्र येऊन वाचवलं. हिवाळ्यात मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या मोजक्या दिवशीच असतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यातच वेळ पक्की करा. फ्रँकलिन आणि लफायेटच्या कोपऱ्यापाशी हॅरिएट टबमन यांचं संग्रहालय आहे, २०२१ मध्ये उघडलेलं. गुलामांना सोडवून आणण्याच्या मोहिमांसाठी पैसे जमवायला त्यांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला केप मेत काम केलं होतं. त्याच्याही वेळा फोनवर विचारून घ्या.

दीपगृह आणि सनसेट बीच

दुपार दक्षिण टोकासाठी ठेवा. केप मे पॉइंटचं दीपगृह १८५९ चं, उंची १५७ फूट, आत १९९ लोखंडी पायऱ्यांचा चक्री जिना. १८२३ आणि १८४७ ची आधीची दोन दीपगृहं जिथे होती त्या जागा समुद्राने गिळल्या. वर चढायला हिवाळ्यात ठरावीक दिवशीच मिळतं, पण खालचं स्टेट पार्क खुलं असतं आणि प्रवेशाला पैसे नाहीत. लाल खुणांची अर्ध्या मैलाची फळ्यांची वाट चाकाच्या खुर्चीलाही चालते. बाकीच्या वाटा दीड ते दोन मैलांच्या आहेत. किनाऱ्यावर काँक्रीटचा १९४२ चा लष्करी बंकर आहे. तो बांधला तेव्हा मातीखाली आणि पाण्यापासून बराच आत होता.

गवतातून चालल्यावर पायमोज्यांवर गोचीड तपासा. हिवाळ्यात नसते असं समजू नका, पारा शून्य सेल्सिअसच्या वर गेला की हरणांवरची गोचीड हिंडते.

दुर्बीण असेल तर जरूर न्या. शरद ऋतूतल्या स्थलांतरासाठी केप मे जगभर प्रसिद्ध आहे, पण हिवाळ्यातही समुद्रावर स्कोटर बदकं, लून आणि पाण्यात सूर मारणारे पांढरे गॅनेट दिसतात. दगडी बंधाऱ्यांवर पर्पल सँडपायपर बसतात. ते किनाऱ्यावरूनच बघा. बंधाऱ्यावर चढू नका, शेवाळ आणि बर्फाच्या पापुद्र्यावर बूट टिकत नाहीत आणि खालचं पाणी पाच-सहा अंश सेल्सिअसचं असतं. त्या पाण्यात हातपाय काही मिनिटांत निकामी होतात, आणि किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो.

सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी सनसेट बीचवर या. समोर पाण्यात काळा तुकडा दिसतो तो अटलांटस जहाजाचा. पहिल्या महायुद्धात पोलादाच्या टंचाईमुळे काँक्रीटची जहाजं बांधली, त्यांतलं हे एक. फेरीच्या धक्क्यासाठी इथे आणलं आणि जून १९२६ मध्ये वादळात सुटून रुतलं. दरवर्षी थोडं थोडं आणखी बुडत चाललं आहे. फार काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

इथली खरी मौज पायाखाली आहे. वाळूऐवजी गोट्यांचा किनारा, आणि त्यांत ‘केप मे डायमंड’ म्हणून ओळखले जाणारे गारगोटीचे पारदर्शक खडे. डेलावेअर नदीने वरच्या डोंगरांतून आणलेले, वाटेत घासून गोल झालेले. हिवाळी वादळं नवे गोटे वर फेकतात आणि वेचणारे थोडे असतात, म्हणून शोधायला हेच दिवस चांगले. ओहोटी लागल्यावर पाण्याने नुकत्याच सोडलेल्या ओल्या पट्ट्यातून चाला, सूर्याकडे तोंड करून. सुकलेला खडा दुधी, निस्तेज दिसतो आणि साध्या पांढऱ्या गोट्यांत हरवतो. ओला झाला की उतरत्या उन्हात आतून उजळतो, खडीसाखरेच्या खड्याला दिवा लावावा तसा. बोटांच्या चिमटीत उन्हासमोर धरा: आतून पिवळसर उजेड आरपार आला तर ठेवा. काचेचा घासलेला तुकडा आणि गारगोटी यांत फसायला होतं. घरी आल्यावर बाटलीच्या काचेवर खडा ओढून बघा, गारगोटी काचेवर ओरखडा काढते. चमक आणायला गोल फिरणाऱ्या पॉलिशच्या डब्यात टप्प्याटप्प्याने बारीक होत जाणारी सिलिकॉन कार्बाइडची पूड घालून महिनाभर फिरवावं लागतं. नुसतं तेल चोळून येणारी चकाकी दोन दिवसांत जाते.

वाटेत सनसेट बुलेव्हार्डला लागून राखीव कुरण आणि दलदल आहे. तिथे कधीकाळी साऊथ केप मे नावाचं वेगळं गाव होतं. समुद्र आत येत गेला, काही घरं उचलून केप मेत नेली, आणि १९४५ मध्ये ते गाव कागदावरूनही पुसलं गेलं. साधारण मैलभराची वाट आहे. उजेड शिल्लक असेल तर चाला.

जेवणाचं बघा, आधीच

शुक्रवारी दुपारीच शनिवारच्या रात्रीचं टेबल ठरवा. उघडी असलेली मोजकी ठिकाणं सातलाच भरतात आणि स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होऊ शकतं. इंटरनेटवरच्या वेळा उन्हाळ्याच्या असू शकतात. त्याच दिवशी फोन करून विचारलेलं खरं.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. केप मे हे मोठं मासेमारी बंदर आहे, स्कॅलपसाठी (एका मोठ्या शिंपल्यातलं मांस) विशेष नावाजलेलं, आणि बोटी हिवाळ्यातही जातात. उपसागरातली कालवं थंडीत भरलेली असतात. खोलीला स्वयंपाकघर असेल तर बंदरावरच्या मासळी दुकानातून स्कॅलप आणा. कापडाने पूर्ण कोरडे करा, तवा कडक तापवा, एका बाजूला दीड-दोन मिनिटं. ओले टाकलेत तर पाणी सुटतं आणि ते रबरासारखे शिजतात. शाकाहारींनी पिझ्झा-पास्त्याची तयारी ठेवावी. सूप आणि सॉसमध्ये क्लॅम किंवा बेकन असतं का, बटाटे मासे तळलेल्या तेलातच तळतात का, हे विचारून घ्यावं. बी-अँड-बीच्या नाश्त्यात अंडी आणि बेकन ठरलेलं, तेव्हा शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळीच सांगा. सकाळी टेबलावर सांगून उपयोग नसतो. दशम्या, मेतकूट, संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू बरोबर असले की एक वेळ सहज निभते. गावातच सुपरमार्केटही आहे.

किनाऱ्यावरची बरीच स्वच्छतागृहं हिवाळ्यात कुलूपबंद असतात, कारण तेच, पाइप गोठतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर कॅफेत बसाल तिथेच आटपून निघा.

फेरी, आणि हवा बिघडली तर

रविवारी परतताना वेगळं काही करायचं तर केप मे-लुइस फेरी. १९६४ पासून चालते, १७ मैल, सुमारे ८५ मिनिटं, पलीकडे डेलावेअरमधलं लुइस, जिथे डच लोकांनी १६३१ मध्ये पहिली वसाहत केली. हिवाळ्यात दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात. सकाळची जाऊन दुपारची परत, एवढंच बसतं. परतीची चुकली तर गाडीने उपसागराला अख्खा वळसा. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा निघण्यापूर्वी बघा आणि पाऊण तास आधी धक्क्यावर पोचा. पायी जाणाऱ्यांना तिकीट स्वस्त पडतं, पण पलीकडे गाव धक्क्यापासून मैलभराहून लांब आहे.

‘नॉरईस्टर’चा इशारा असेल तर जाणं पुढे ढकला, पैसे गेले तरी चालेल. हे वादळ ईशान्येचा वारा दिवस-दोन दिवस एकसारखा लोटत राहतं, पाणी ओहोटीलाही पूर्ण उतरत नाही, आणि त्यात उधाणाची भरती गाठली तर समुद्राकडून आणि मागच्या खाडीकडून दोन्हीकडून रस्त्यावर येतं. तिथेच अडकलात तर गाडी बीच अॅव्हेन्यूवर किंवा बंदराजवळ ठेवू नका, आतल्या उंच भागात लावा. रस्त्यावर साचलेलं पाणी उथळ दिसलं तरी त्यातून गाडी घालू नका. ते खारं असतं. ब्रेक आणि वायरिंगला लागलं की गंज पुढे कित्येक महिने निस्तरावा लागतो.

एरवी, मुलं बरोबर असतील तर परतीच्या वाटेवर पार्कवेच्या ११ नंबरला उतरून काउंटीचं प्राणिसंग्रहालय बघता येतं. प्रवेश मोफत आहे, पण हिवाळ्यात लवकर बंद होतं, म्हणून दुपारी एकच्या आत पोचा.

घरी आल्यावर दुर्बीण आणि कॅमेऱ्याची काच कोरड्या कापडाने पुसू नका. मिठाचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी ओलसर कापड, मग कोरडं. आणि गाडी त्याच आठवड्यात खालून धुऊन घ्या.